गोंद ओला होता

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हाला बाबा लिहिताना हात आखडतो. कंपनीच्या गेटातून आत शिरलं की बाबा म्हणायचं नाही, हे तुम्हीच पहिल्या दिवशी बजावलं होतं. पेणच्या खाडीकाठची मिठागरं सोडून तुम्ही रोह्याला आलात, सुपरवायझर झालात आणि शेड आपलीच असल्यासारखे वावरलात. बसच्या दारांचे दोन पत्रे गोंदाने चिकटवून गरम प्रेसमध्ये दाबायचे, हे तुमचं काम. आतला गोंद घट्ट झाला का, हे अल्ट्रासाऊंडच्या मशीनवर बघायचं, हे माझं. ओल्या गोंदातून लाट रेंगाळत जाते, घट्ट झालेल्यातून झपझप. पडद्यावरची रेघ चढत चढत आडवी झाली की दार काढायचं. तुम्ही मात्र कडेला आलेल्या गोंदात नख रोवून ठरवायचात.

त्या दिवशी माल अडला होता, गाडी भरायला उभी होती. रेघ अजून चढतेच आहे. मी म्हणते, "थांबा, मधला गोंद ओला हाय." तुम्ही कडेला नख रोवता आणि माझ्याकडे न बघता, सगळ्या शिफ्टला ऐकू जाईल असं बोलता, "स्वतःच्या पोटातलं टिकवता आलं नाय, नि गोंदाच्या पोटातलं सांगायला आली!" सोनोग्राफीत माझं मूल निपचित दिसलं, नवऱ्याने मला तुमच्या दारात आणून सोडलं, त्याला वर्षही झालं नव्हतं. माणसं हसली. तुम्हीही हसलात आणि प्रेस उघडलात. दार उचललंत तसा वरचा पत्रा सुटून घसरला आणि तुमच्या उजव्या हाताची बोटं कायमची निकामी करून गेला.

इस्पितळात मॅनेजरना तुम्ही सांगितलंत, "पोरीनंच काढा म्हटलं." मी समोरच उभी होते. "व्हय गो?" तुम्ही मलाच विचारलंत. "नाय," मी म्हटलं. मॅनेजर तुमच्या बँडेजकडे बघत राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पॅकिंगला टाकलं.

आई आधीच गेलेली, त्यामुळे रोह्याजवळच्या वरसे गावातल्या आपल्या घरात तुम्हाला भरवायला मीच. घास आवडला नाही की तुम्ही थुंकायचात. शेजारी आले की सांगायचात, "हिच्या मशीननं माझा हात खाल्ला." डावा हात धड होता तुमचा, पण त्याने जेवणं तुम्हाला कमीपणाचं वाटायचं. तुमचं होईपर्यंत माझा भात गार झालेला असायचा.

आता मॅनेजर दुसरे आहेत, मशीन पुन्हा माझ्याकडे आहे. रेघ आडवी होईपर्यंत प्रेसला कुणी हात लावत नाही. तुमची आठवण येते का, असं जुनी माणसं विचारतात. "नाय," म्हणते.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुम्ही गेलात त्या दिवशी मी रडले नाही, तेव्हा बायका म्हणाल्या, धक्का बसलाय पोरीला. धक्का नव्हता, भूक होती. शेजारणीने माझ्यासाठी डबा आणून ठेवला होता. तुम्ही ओटीवर होतात, माणसं जमत होती, आणि मी आत मोरीच्या दाराशी बसून तो सगळा डबा संपवला. गरम होता.