नवरे का येत नाहीत

२ जानेवारी
नवीन वर्ष, नवीन स्टडी. थॅलेसेमिया. गरोदर बाई मायनर, म्हणजे नुसती वाहक, निघाली की नवऱ्याला रक्त द्यायला बोलावतात, आणि नवरा येत नाही. का, ते शोधायचं. मुलुंडच्या आमच्या हॉस्पिटलने त्यासाठी एकच ब्रदर निवडला. मी. दर्शना सिस्टर म्हणतात, बाकी कोणी हो म्हटलं नाही. जेलसी.

९ जानेवारी
नवऱ्यांना फोन केले. एक म्हणाला, शिफ्ट आहे. दुसरा म्हणाला, हे आमच्यात नसतं. तिसरा, मायनर ती आहे ना, मग मी कशाला? काय माणसं आहेत यार! मायनर माणसाला स्वतःला काही होत नाही. पण दोघंही मायनर असले तर चारात एक चान्स, की बाळाला जन्मभर रक्त चढवत बसावं लागेल. आणि हे एका सुईला घाबरतात.
फोनवर बोलायचं स्क्रिप्ट मीच लिहिलं. 'भीती वाटणं साहजिक आहे. पण तुम्ही एकटे नाही.' झकास जमलंय.

१७ जानेवारी
माझ्या बायकोला, श्रुतिकाला, दुसरा महिना. तिचा रिपोर्ट आला. मायनर.
नो टेन्शन. उद्या सकाळी पहिलं रक्त माझं. बाकीच्या नवऱ्यांना उदाहरण घालून देतो.

१८ जानेवारी
सर्दी. सर्दीत रिपोर्ट बिघडतो, असं कुठेतरी वाचलंय.

२३ जानेवारी
खोल विचार केला. स्टडी करणारा मी, आणि माझंच रक्त स्टडीत? बायस येईल. सायन्सशी गद्दारी. श्रुतिकाला नीट समजावलं. ती म्हणाली, बायस गेला खड्ड्यात, तू येतोयस की नाही ते बोल.
शिवाय आम्ही मालवणकडचे. हे आमच्यात नसतं.

२९ जानेवारी
फोन वाजला. दर्शना सिस्टर, माझंच स्क्रिप्ट, माझ्याच सुरात. "नमस्कार, सुबोध पेडणेकर का? भीती वाटणं साहजिक आहे..." राँग नंबर म्हणून ठेवून दिला.
त्या दोन टेबलं सोडून बसतात. दिवसभर वर बघितलं नाही.

३ फेब्रुवारी
डॉक्टर श्रुतिकाला म्हणाल्या, पोटातल्या बाळाची तपासणी करायची वेळ आली तर ती वेळेत व्हायला हवी. नवऱ्याची कशासाठी वाट बघताय? रात्री जेवायला बसलो. भाजीत मीठ नव्हतं. मी मागितलंही नाही.

६ फेब्रुवारी
'आमच्यात नसतं' ते तपासायला श्रुतिका परस्पर माझ्या आईला घेऊन गेली. आईने म्हणे स्वतःच बाही वर केली. संध्याकाळी आई मला म्हणाली, "लोकांका टोचतंस आणि सोता सुयेक भितंस? मेल्या, बापाशीचा नाव घालवलंस."

९ फेब्रुवारी
आई मायनर. म्हणजे माझा चान्स फिफ्टी-फिफ्टी. म्हणजे फिफ्टी टक्के मी बरोबरच होतो.

११ फेब्रुवारी
दिलं रक्त. चक्कर वगैरे नाही, जरा आडवा झालो. उपाशी होतो. दर्शना सिस्टर म्हणाल्या, ब्रदर, दोन प्लेट इडली खाल्लीत तुम्ही, मी शेजारीच होते.

१५ फेब्रुवारी
मायनर.

१९ फेब्रुवारी
श्रुतिकाच्या पोटात सुई घालून बाळाची तपासणी. म्हटलं, मी आत येतो, हात धरतो. ती म्हणाली, तू पडलास तर डॉक्टरांनी कोणाकडे बघायचं? आईंना नेते.
दोघी आत गेल्या. दार लागलं. मी बाहेर बाकावर.
दर्शना सिस्टर स्टडीचा फॉर्म घेऊन आल्या. उशिरा येण्याचं कारण भरायचं राहिलंय म्हणाल्या. मी म्हटलं, शिफ्ट होती.
"शिफ्ट मीच लावते रे," म्हणाल्या. आजपर्यंत कधी मला 'रे' म्हणाल्या नव्हत्या.
आतून काहीच आवाज नाही. मग म्हटलं, लिहा. भीती वाटली.
त्यांनी पेन बंद केलं. स्क्रिप्टमधली पुढची ओळ काही म्हणाल्या नाहीत. सरक जरा म्हणाल्या, आणि शेजारी बसल्या.