वेशीवरची बाई

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या धाकट्या भावाने काल भर दुपारी एकट्याने सिनेमा पाहिला. तोही पोलादी पक्षी आणि बोलणारे डोंगर असलेला. अप्पांच्या आवडत्या त्या जाड्या कादंबरीवर काढलाय हे कळल्यावर घरात बसवेना. तीन तास दहा मिनिटं! वर्गात धातुरूपं म्हणून घेताना मला येतात त्याच्या दशांशानेही जांभया आल्या नाहीत. शेजारच्या गृहस्थांनी आपल्या मक्याच्या लाह्या माझ्या मांडीवर सांडल्या. त्या मी युद्ध संपेपर्यंत निमूटपणे संपवल्या, हे मागाहून ध्यानात आलं.

खारं तळं, सात स्वार, पळवून नेलेली घंटा, सगळं जागच्या जागी आहे. मला धाकधूक होती ती नवव्या प्रकरणातल्या वेशीवरच्या बाईची. तू तेव्हा मामाकडे होतीस, म्हणून सांगतो. आई गेली तेव्हा मी अडीच वर्षांचा. पुढे वाचलेलं कळायला लागल्यावर अप्पा रोज संध्याकाळी आपल्या बाइंडिंगच्या कारखान्यातल्या बाकावर बसवून मला ती कादंबरी वाचून दाखवत. सैन्य निघतं, तेव्हा ही बाई वेशीत उभी राहून एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजते. बस, एवढंच तिचं काम. मला मात्र सातही स्वारांपेक्षा तीच आवडे.

आहे हो सिनेमात! दोन क्षण, पडद्याच्या अगदी कडेला. हात कोपरापर्यंत पांढरे, अंबाड्यात घडी घालायची हाडाची पट्टी खोचलेली. (त्या नगरातही बाइंडर असणार, अशी माझी बालपणीची समजूत.) फक्त अप्पा वाचत तेव्हा तिची उजवी बाही दुमडलेली असे, या लोकांनी डावी केलीय. काहीतरी बदलल्याशिवाय दिग्दर्शकाला पैसे पचत नसावेत.

अप्पांना सांग. लोभ आहेच, पत्रही असू दे.

तुझा,
पंडित

११ जून

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र अप्पांना वाचून दाखवलं नाही. का, ते सांगते.

त्यांची नजर आता पुरती गेली. डॉक्टर म्हणाले, महिन्यांचा हिशेब धरू नका, आठवड्यांचा धरा. त्यांना हवी होती म्हणून महिनाभर मीच ती कादंबरी वाचून दाखवते आहे. नवव्या प्रकरणात सैन्य निघालं, मी पान उलटलं, आणि ते म्हणाले, सोडलंस. मी म्हटलं, नाही हो, एक ओळ सोडली नाही. तर तोंड भिंतीकडे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच प्रकरण, पुन्हा तेच. दहा दिवस झाले, गाडं तिथेच अडलंय. जेवणही निम्म्यावर आलंय. काय सोडलं ते सांगत नाहीत.

तुझं पत्र आलं आणि मी नववं प्रकरण बोट ठेवून वाचलं. पंडिता, त्यात बाई नाही. वाचनालयातून दुसरी प्रत आणली, तिच्यातही नाही. सुनेला घेऊन सिनेमा पाहून आले. कडेला खांब आहे आणि एक घोडा आहे. तू लाह्या खात होतास, दुसरं काय म्हणू?

पण अप्पांच्या प्रतीत एक गोष्ट आहे. ती त्यांनी स्वतः पुन्हा बांधलेली, दोऱ्याने शिवलेली पक्की जुजबंदी. नवव्या प्रकरणात जिथे सैन्य निघतं, तिथे एक कोरं पान शिवलेलं आहे. मला आजवर ती चूक वाटायची. जन्मात ज्यांचा छापील पानांचा एक फर्मा उलटसुलट लागला नाही, त्यांची चूक.

तू चाळीस-पन्नास वेळा तरी ऐकलं असशील. ते पान मला लिहून पाठव. सवडीने नको. आणि हो, संध्याकाळी ते कारखान्याचं दार लावू देत नाहीत. खळीचा वास जावा म्हणून असेल, असं इतकी वर्षं मी समजत आले.

तब्येत सांभाळ.

तुझी,
ताई

१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुन्हा जाऊन आलो. खांब आहे. घोडा आहे. कडेच्याच खुर्चीत बसलो होतो, डोळ्याची पापणी लवू दिली नाही, लाह्याही घेतल्या नाहीत. तर्कशास्त्रात अशा ज्ञानाला भ्रम म्हणतात आणि दोरीवर सापाचं उदाहरण देतात. ते मी वीस वर्षं शिकवतो आहे. मात्र साप नाही हे कळल्यावर माणसाला हायसं वाटतं, असं आमच्या ग्रंथकारांनी गृहीत धरलंय. मला वाटलं नाही. दिवे लागले तरी बसून राहिलो, शेवटी झाडूवाल्याने पाय उचलायला सांगितले.

पान लिहायला बसलो आणि हात एकदाही थांबला नाही. अप्पा वाचत तसंच देतो:

"वेशीत एक बाई उभी होती. तिची उजवी बाही दुमडलेली होती. जाणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून ती मोजत होती. सैन्य परत आलं तेव्हा तिने पुन्हा मोजलं. पहारेकरी म्हणाला, बाई, झाले सगळे, दार लावतो. ती म्हणाली, लोटू नका, एक जण यायचं राहिलंय."

इथे ते थोडं थांबत. मला वाटे, पान उलटताहेत.

ताई, आईचा फोटो आपल्याकडे नाही. मला तिचा चेहरा आठवत नाही, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो.

लवकर कळव. पाठशाळेत रजेचा अर्ज टाकला आहे.

तुझा,
पंडित

२३ जून

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी वाचलं. तुझा कागद त्या कोऱ्या पानावर ठेवला, म्हणजे पान उलटल्याचा आवाज बरोबर यावा. अप्पा ऐकत पडले होते. शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याबरोबर म्हटलं.

मग म्हणाले, "बाही डावी."

मी म्हटलं, पंडिताने उजवी लिहिली आहे, तुम्ही उजवीच वाचायचात म्हणे. ते म्हणाले, त्याला उजवीच सांगायचो. डावी म्हणायला गेलं की पुढचं वाचवत नसे.

तुला कुणी कधी सांगितलं नसेल. आई डावखुरी होती. फर्म्यांना घड्या घालताना, खळ लावताना डावीच बाही दुमडायची. पट्टी हातात नसली की अंबाड्यात खोचायची, आणि मग घरभर शोधायची. घरात हे मला आणि अप्पांनाच माहीत. मी तुझ्याजवळ कधी बोलले नाही, आणि अप्पांनी तिला त्या कोऱ्या पानावर उभं केलं होतं, ते आता कळलं.

दोन घास जास्त जेवले. दहावं प्रकरण उद्या वाच म्हणाले. झोपण्यापूर्वी कारखान्याचं दार लावून घ्यायला सांगितलं. मी दोनदा विचारलं, लावू? म्हणाले, लाव.

ते झोपल्यावर तुझं चार तारखेचं पत्र पुन्हा काढून वाचलं. पडद्यावरच्या बाईची बाही तू डावी लिहिली आहेस.

ये. दहावं प्रकरण तू वाच.

तुझी,
ताई