दादा 'जाईन' लिहून देत नाही

अल्फारेटा (अमेरिका), रविवार दुपार

ती. सौ. सुलेखावहिनी,

तुम्हाला वाकून नमस्कार. (गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मी फक्त कागदावरच वाकतो.) तुमची शुगर आणि तुमची कामवाली, दोघी ताळ्यावर असतील अशी आशा. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण दादा सतत शेजारी बसलेला असतो आणि कानामागे गाठ असूनही त्याला नको ते नेमकं ऐकू येतं. म्हणून पत्र. आमचा निहार याचा फोटो काढून तुम्हाला पाठवेल.

दादाला इथे पाठवायला सरकारी समितीने सात महिने घेतले, ते तुम्ही पाहिलंतच. 'सदर शस्त्रक्रिया देशात उपलब्ध नाही' हे त्यांचं प्रमाणपत्र तो इथल्या प्रत्येक मराठी घरात बारावीच्या मार्कशीटसारखं दाखवत फिरतो. आरतीला तरी नेऊ नका, असं उत्तराने बजावलं होतं (माझी बायको तशी सोशिक आहे), तर पठ्ठ्याने ते प्रसादाच्या रांगेत काढलं. आणि गंमत बघा, एवढे समुद्र ओलांडून ज्यांच्यापुढे बसलो ते सर्जन, डॉक्टर चंद्रशेखर, मूळचे निघाले आपल्याच नागपूरचे! पहिली दहा मिनिटं गाठ राहिली बाजूला आणि धरमपेठेत कोण कुठे राहायचं यावरच चर्चा झाली. नंतर मात्र ते गंभीर झाले. गाठ नसेला टेकली आहे, महिनाभर थांबलात तर चेहऱ्याची एक बाजू लुळी पडेल, असं स्पष्ट म्हणाले.

आता घोटाळा ऐका. रुग्णाने इथे पोचल्यावर सही करायचं एक हमीपत्र समितीने सोबत दिलं होतं. त्याशिवाय ऑपरेशनची तारीख मिळत नाही. मजकूर एका ओळीचा, 'उपचार संपताच मी जाईन.' दादा भडकला. हॉस्पिटलात बसून 'मी जाईन' असं लेखी द्यायचं म्हणजे यमाला पत्ता कळवणं आहे, म्हणे. (आपल्याकडे कोथिंबीर आणायला निघालेला माणूससुद्धा 'येतो' म्हणतो, हे मला मान्य आहे.) त्याने 'जाईन'वर काट मारली, 'येईन' लिहिलं आणि झोकात सही ठोकली.

परदेशी रुग्णांचे कागद बघणारी अनया इथेच जन्मलेली, आईवडील ठाण्याचे. मराठी येतं, पण शब्दाला शब्द लावून. तिने भाषांतर करून पाठवलं की उपचार संपताच हे गृहस्थ पुन्हा येणार आहेत! झालं. हॉस्पिटलने तारीख थांबवली, समितीने खुलासा मागवला. मी धावत गेलो तर पोरगी रडकुंडीला आलेली. "काका, ही हॅज टू लीव्ह ना? मग 'कमिंग' का लिहिलंय?" मी सगळं समजावलं. दादाला म्हटलं, लिही की बाबा, नुसता कागद आहे. तोंड वाकडं झालं तरी चालेल, म्हणाला. वहिनी, मला भयंकर राग आला, आणि मग भीतीच वाटली.

तोडगा शेवटी डॉक्टरांनी काढला. हमीपत्र कोणाच्या नावाने द्यायचं हे कुठे लिहिलंय, घरच्यांच्याच नावाने द्या, म्हणाले. दादाने वर 'सौ. सुलेखास' घातलं आणि खाली 'उपचार संपताच मी घरी येईन.' हे भाषांतर अनयालाही जमलं आणि समितीलाही पटलं. म्हणजे लग्नानंतर चाळीस वर्षांनी तुम्हाला नवऱ्याचं पहिलं पत्र आलं, तेही सरकारी फायलीत, शिक्क्यासह. गुरुवारी सकाळी ऑपरेशन आहे. काळजी करू नका, दादा अगदी मजेत आहे.

तुमचा धाकटा दीर,
सुमंत

ता. क. हमीपत्राचाही फोटो सोबत आहे. ज्यांच्या नावाने हमी आहे त्यांचीही सही लागते, असं अनया म्हणते. करून पाठवा.

आणखी ता. क. दादा मजेत नाही. काल लसूण सोलता सोलता एकदम म्हणाला, निघताना मी 'येतो' म्हटलं, पण ती 'या' म्हणालीच नाही, तशीच आत गेली. (तुम्हाला सोबत आणता आलं नाही म्हणून तुम्ही रागावला होतात, हे मला ठाऊक आहे. रागवायलाच हवं होतं.) निघाल्या दिवसापासून त्याने ते जिवाला लावून घेतलंय. हे एवढं पत्र त्यासाठीच लिहिलं. बुधवारी तुमच्या संध्याकाळी फोन करा. तो इकडचं तिकडचं बोलेल, प्रमाणपत्राचं सांगेल आणि ठेवताना 'येतो' म्हणेल. वहिनी, तेवढं 'या' म्हणा.