सांडवा कोणाच्या वावरात

९ मे, शुक्रवार

एका अंगठ्यामुळं ही वही उघडली. पाणलोट समितीच्या संमतीच्या यादीत माझ्या नावापुढं निळ्या शाईचा अंगठा आहे. बत्तीस वर्षं तेलंगणातल्या मराठी शाळेत शिकवलं, पोरांच्या बापांनाही सही गिरवायला लावली. स्वतःचा अंगठा लावते तो फक्त रेशनच्या मशीनवर. संमती कशाला, तर माझ्या चार एकरांत धुऱ्याला, शेताच्या हद्दीला, धरून सरळ रेषेत मशीननं बांध घालायला. मी नाही म्हणाले होते, पण तोंडी. तीच चूक. आता जे घडेल ते त्याच दिवशी, तारखेसह इथं. उद्या कोणी म्हणालं की बाई तर हो म्हणाल्या होत्या, तर...

१० मे, शनिवार

सकाळीच विठ्ठलरावांकडे. समितीचे अध्यक्ष, माझ्या वरच्या अंगाचं वावरही त्यांचंच. ओसरीत बसले होते. यादीची झेरॉक्स पुढं धरली.

"हा अंगठा कोणाचा?"

"तुमी आदिलाबादले गेल्या होत्या जी, डोयाच्या दवाखान्यात. सायेब घाई करून राह्यला होता."

"मी कुठं होते ते विचारलं नाही. अंगठा कोणाचा?"

"आता अंगठ्यावर काय नाव लिवलं राह्यते, बाई?"

आतून सूनबाईचं हसू ऐकू आलं. चहा आला, घेतला नाही. मग समजावणीचा सूर. सगळ्या गावानं दिली, तुमीच काऊन आडव्या येता? आडवी येतेच आहे, म्हटलं. माझं वावर खालच्या अंगाला मधोमध खोलगट. धुऱ्यावर सरळ बांध घातला की पाणी त्या खोलग्यात तुंबणार, बांध तिथंच फुटणार आणि सगळं खाली रुक्माच्या वावरात. बांध पातळी धरून वळत वळत गेला पाहिजे.

"वाकडा बांध!" वि.राव मांडीवर हात मारून हसले. "पऱ्हाटीले उभं-आडवं दोनी डवरं लागते. वाकड्या बांधात बैल काय नाचत जाईन?"

कपाशीतलं तण काढायला बैलाचं डवरं दोन्ही अंगांनी फिरवावं लागतं, हे खरं. घरी येऊन विचार केला. उत्तर अजून सापडलं नाही.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. विहारातून परतताना रुक्माच्या वावरावरून आले. रुक्मा माझी चौथीतली विद्यार्थिनी, आता लेकीचं लग्न करून मोकळी झालेली. दोन एकर एकटी करते. मधोमध ओघळ. चार वर्षांपूर्वी टांग टाकून ओलांडायची, आता उतरून चढावं लागतं. तळाला मुरूम उघडा. तिथं आता काही उगवणार नाही.

वाटलं होतं, ती तरी माझ्या बाजूची.

"बाई, देऊन टाका नं सही. काई तरी होईन तं खरं."

"सरळ बांध तुझ्याच डोक्यावर फुटेल."

"फुटन तवा फुटन. आज मशीन दारात हाय, ते गेलं तं कोन आणते? तुमाले पेन्शन हाय. मले हे दोनच एकर हायेत."

 पेन्शन आहे, खरं आहे.

पण बांध सरळ होणार नाही.

१५ मे, गुरुवार

नुसतं म्हणून भागणार नाही, मोजून दाखवायचं. गवंड्याकडून लेव्हलची नळी आणली. पारदर्शक, पाणी भरलेली. दोन्ही टोकांना पाणी एका उंचीला येतं म्हणजे जमीन समपातळीत. आम्ही कॉलेजात भौतिकशास्त्रात हेच शिकलो, फक्त काचेच्या नळीत. दुसरं टोक धरायला माणूस हवा. कोणी येईना. शेवटी रुक्माच आली, कुरकुरत. "नाई जमलं तं तुमी सही करसान?" हो म्हटलं.

सहा ते दहा. उन्हानं डोळ्यापुढं काजवे. पांदणीच्या वाटेनं जाणारे थांबून बघत होते. एकजण ओरडला, "बाई, वावरात नळयोजना आणून राह्यल्या का?" रुक्मानं परस्पर उत्तर दिलं, "हो गा, तुया घरी बी कनेक्शन देतो, थांब!" चौथीत ती एक शब्द बोलत नसे.

अकरा खुंट्या ठोकल्या.

१६ मे, शुक्रवार

आणखी नऊ. पाय सुजले.

१७ मे, शनिवार

आज जे निघालं ते लिहायचं नव्हतं. म्हणून आधी तेच लिहिते.

चार वर्षं मी गावभर सांगत आले की विठ्ठलरावांनी कोपऱ्यावरचा धुरा फोडला आणि त्यांचं पाणी माझ्या वावरातून रुक्माला मारतं. भरल्या सभेत सांगितलं, त्यांच्या सुनेसमोर सांगितलं. नळी वेगळंच सांगते. त्यांच्या फुटक्या कोपऱ्यापाशी जमीन पांदणीकडं झुकलेली आहे. ते पाणी पांदणीनंच निघून जातं. रुक्माच्या वावरात जातं ते माझं पाणी. खोलग्यात जमतं आणि खालच्या धुऱ्याच्या फटीतून सुटतं. ती फट मी पाडली. तुरीत पाणी साचलं होतं, तूर पिवळी पडत होती, म्हणून मजूर लावून धुरा कापला. बुजवायचा राहिला. खाली काय होतंय ते वाकून पाहिलं नाही.

रुक्मा नळीचं टोक धरून उभी होती. तिला कळलं. नळी खाली ठेवली नाही, एवढंच.

"बाई, पुढची खुंटी कुठी?"

२० मे, मंगळवार

समितीची बैठक, शाळेच्या व्हरांड्यात. मी उभी राहून सांगितलं: विठ्ठलराव, तुमच्यावर चार वर्षं खोटा आळ घेतला. चूक माझी. फट मी पाडली.

 मग वि.रावांचे डोळे चमकले.

"म्हंजे बाईचंच चुकलं! मंग आता बाईनं सही करून मोकळं व्हाव."

"माझी चूक माझ्या नावावर लिहा. पण त्यानं तुमची रेषा बरोबर ठरत नाही."

"चुकलेला मानूस लै बोलत नसते, बाई."

"मी बोलते."

कोणीतरी हसलं. वि.राव नाही हसले.

२३ मे, शुक्रवार

मशीन आलं. निरोप नाही, काही नाही. मी खुर्ची घेऊन वावरात जाऊन बसले, खुंट्यांच्या रांगेवर. छत्री उघडली. कामावरचा साहेब तेलुगू, माझ्याशी हिंदीत.

"मॅडम, आप क्यूँ टेन्शन लेते? लाइन सीधा रहा तो मशीन फास्ट चलता."

म्हटलं, मशीन चलाने के लिए बांध नहीं डालते.

"आपका कन्सेन्ट है ना, मॅडम." यादी दाखवली.

मी पर्समधून पेन काढलं, त्याच्याच वहीत त्याच्यासमोर मराठी, इंग्रजी, तेलुगू तिन्ही भाषांत सही करून दाखवली. यातली कुठली जुळते सांगा, म्हटलं. तो यादीकडं बघत राहिला. माणूस वाईट नसावा. पंधरा दिवसांत एवढं काम दाखवायचं, असं वरून आहे म्हणाला. मग फोन केला, बराच वेळ बोलला.

साडेअकराला मशीन गेलं. माझ्याच नाही, सगळ्यांच्या वावरातून.

२४ मे, शनिवार

चक्कीवर कोणी बोललं नाही. दळण दिलं, घेतलं. मागून एक आवाज: "ज्या वावरात बापानं सालगडी म्हून घाम गाळला, तती आता मास्तरीन खुर्ची टाकून बसते." वळून पाहिलं. सगळे पिठाकडं बघत होते.

हो. याच वावरात आबा सालगडी होते. त्यांनी या चार एकरांचे धुरे पन्नास वेळा बांधले, मालकाच्या सांगण्यावरून, सरळ. मी हे वावर विकत घेतलं तेव्हा ते हयात नव्हते. खुर्ची टाकून बसले आणि पुन्हा बसेन.

संध्याकाळी वि.राव दारात. पहिल्यांदाच. बसायला सांगितलं, बसले.

"लाइन तुमची बरोबर असन. म्या खुंट्या पायल्या. पन डवरं?"

याचं उत्तर एव्हाना शोधलं होतं. पेरणी बांधाच्या वळणानं. डवरं एकाच अंगानं. दुसऱ्या अंगाचं निंदण हातानं करावं लागेल. त्रास वाढेल, खोटं बोलत नाही.

 मग मुद्द्याचं बोलले.

"आन् सांडवा? बांध भरला तं जास्तीचं पानी कुठून काढसान? माया वावराले नाला लागत नाई. रुक्मीच्या नाई तं तुमच्या वावरातून न्या लागन. गावात कोनीच आपल्या वावरात सांडवा घेत नाई, बाई. म्हून त सरळ बांध बरा. फुटन तती फुटन, कोनी नाव घेत नाई."

चाळीस वर्षांचं शहाणपण त्यांनी एका दमात सांगून टाकलं. सरळ बांध सगळ्यांना का आवडतो ते आज कळलं.

२७ मे, मंगळवार

दुपारी वळवाची सर, अर्धा तास. काल रुक्माच्या बैलांनी खुंट्यांवरून नांगराचं एक तास, म्हणजे चर, काढून ठेवलं होतं. धावत गेलो दोघी. तास या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं भरलं, कुठं फुटलं नाही. धुऱ्याच्या बाजूचं सरळ तास मात्र खोलग्यात फुटून वाहत होतं. वरच्या धुऱ्यावर वि.राव गोणपाट डोक्यावर घेऊन उभे. बघत होते. 

मोजून बघितलं. सांडव्याला माझ्या पूर्वेच्या कोपऱ्यातून नाल्यापर्यंत पट्टा लागेल, आठ हात रुंद. गवत, दगड. पाणी घाईनं उतरू द्यायचं नाही, नाहीतर नाल्याची दरड कापेल. तो कोपरा म्हणजे माझी सगळ्यात चांगली जमीन. तूर तिथंच नीट येते.

२९ मे, गुरुवार

मुलाचा फोन, हैदराबादहून. त्याला कोणीतरी कळवलं.

"आई, सगळ्यांचं पाणी तू काऊन घेतेस? ते लोक तुला विहिरीवर तरी चढू देत..."

  त्याला म्हणायचंय ते मला पाठ आहे.

दिवसभर राग होता. त्याच्यावर नाही.

पण रुक्माच्या वावरातली ओघळ कोणाच्या आजोबानं पाडलेली नाही. मी पाडली.

३० मे, शुक्रवार

वि.रावांना बोलावून सांगितलं. सांडवा माझ्या वावरात. तुमचंही पाणी घेते. तीन अटी. एक, बांध माझ्या रेषेनं, आणि तीच रेषा तुमच्या वावरात पुढं. दोन, सांडव्यात ढोरं चारायची नाहीत, नांगर घालायचा नाही. तीन, कागदावर.

"कागद काऊन? माया शबूद नाई का?"

"तुमचा शब्द आहे. माझा अंगठाही होता."

या वेळी हसले. अगदी मोकळे. मग म्हणाले, माझ्या वावरातली रेषा नंतर बघू. म्हटलं, नंतर नाही. उठून गेले. चप्पल घालताना पुटपुटले, "ह्या बाईनं शाळेतबी असंच केलं असन पोराईले."

असंच केलं.

३ जून, मंगळवार

काल तेलंगण दिन, मंडल ऑफिस बंद. आज गेले. अर्ज दोन: माझ्या नावापुढचा अंगठा रद्द करा, रेषा खुंट्यांप्रमाणे घ्या. कारकून भला माणूस, आपल्याच लोकांतला. "रुजू करून घेतो, बाई. पन मौक्यावर येऊन पाह्यल्याशिवाय साहेब काही लिवनार नाई, आन् साहेब कवा येईन सांगता येत नाई." मृग चार दिवसांवर. पोच घेतली. शिक्क्याखाली लिहून दिलं: मजकुराची खात्री केलेली नाही. बरं. खात्री मी केली आहे.

५ जून, गुरुवार

मशीनचा पत्ता नाही. मशीनची वाट न बघता माझ्या रेषेवर फावड्यानं सुरुवात. रुक्मा, मी, रोजानं दोन बायका. पहिल्या खुंटीपासून चौथीपर्यंत, गुडघाभर. मी पाडलेली धुऱ्याची फट आज माझ्याच हातानं बुजवली, दगड घालून ठोकली. वि.राव बैलाला पाणी पाजायला नाल्यावर आले तेव्हा वळसा घेऊन गेले, सांडव्याच्या पट्ट्यावर पाय दिला नाही. तीन अटींच्या कागदावर त्यांच्या सहीची जागा मात्र कोरी आहे.

७ जून, शनिवार

आज माझ्याकडून दिलं ते, नोंद म्हणून:

पूर्वेच्या कोपऱ्यातून नाल्यापर्यंतचा पट्टा, आठ हात रुंद, दोन्ही अंगांना खुंट्या, चुन्याची फक्की मारलेली. सांडव्यासाठी. ताबा रुक्माच्या आणि समितीच्या दोन सभासदांच्या समोर दिला. मालकी माझी, पीक घेणार नाही.

सगळ्या खुंट्यांचा नकाशा, हातानं काढलेला, एक प्रत. समितीकडे. घेणाऱ्यानं घडी घालून खिशात ठेवला.

लेव्हलची नळी, तीस फूट. गवंड्याला तिची किंमत देऊन टाकली, म्हणून आता आपली. रुक्माकडे दिली. ती उद्या सकाळी वि.रावांच्या वावरात खुंट्या ठोकायला जाणार आहे. त्यांनी हो म्हटलेलं नाही. दुसरं टोक मी धरणार.