सारवलेली जमीन

८ जानेवारी
आज सामान घेऊन भट्टीटोलीत राहायला आलो. लकडगंज मागे टाकून बसने अर्धा तास. इथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात. मुलांच्या रक्तातलं शिसं मोजायचं आणि ते कमी कसं करायचं हे घरोघर सांगायचं, हे माझं काम. सिंधूताईंनी घरामागची खोली दिली. त्यांचा मुलगा अंकुश भट्टीवर असतो. त्याची बायको बाळंतपणात गेली, नात रोशनी साडेतीन वर्षांची. जेवायला तुरीच्या सोल्यांची भाजी होती. दोनदा वाढून घेतलं. माझी लेक मयुरा गेल्याला चौदा महिने झाले, त्यानंतर आज पहिल्यांदा भूक लागली. धरमपेठेतलं घर बंद करून आलो, बरं केलं.

१२ जानेवारी
चाळीस मुलांचं रक्त तपासलं. बोटाला टोचून दोन थेंब घेतले की यंत्र तीन मिनिटांत आकडा देतं. पाचच्या वर गेला की काळजी. रोशनीचा चौदा. प्रत्येकाला बिस्किटाचा पुडा दिला. सिंधूताई म्हणाल्या, डासही रक्त पितो पण बिस्कीट देत नाही, भाऊ तेवढे बरे. बायका हसल्या. मीही हसलो.

१५ जानेवारी
देवळासमोर बैठक घेतली. भट्टीवरून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय मुलाला उचलायचं नाही, कोरडा झाडू मारायचा नाही, धुळीतूनच शिसं पोटात जातं, असं सांगितलं. पण इथली घरं मातीची, ओल्या फडक्याने पुसणार काय? म्हणून म्हटलं, आठवड्यातून दोनदा सारवा, म्हणजे धूळ उठणार नाही. सिंधूताईंनी ते मनावर घेतलं. टोकाच्या घरचे रुपराव मात्र म्हणाले की त्यांच्या बायकोची कंबर धरली आहे, सायबाची बायको येऊन सारवत असेल तर हरकत नाही. मयुरा गेल्यापासून बायको माहेरी आहे, हे मी सांगितलं नाही.

३० जानेवारी
सिंधूताई गल्लीत फिरून कोणी सारवलं, कोणी नाही ते बघतात. त्यांच्या घरची जमीन काळी, गुळगुळीत, आरशासारखी दिसते. माझीही खोली त्यांनी सारवून दिली. दुपारी मी कागद लिहितो तेव्हा रोशनी येते, कोपऱ्यात माझ्याकडे पाठ करून बसते आणि स्वतःशी बोलत काहीतरी चघळते. मला मामा म्हणते. दार उघडंच ठेवतो. खोलीत लहान मुलाचा आवाज असला की बरं वाटतं.

२५ फेब्रुवारी
दुसरी तपासणी. रोशनी एकतीस. बोट नीट धुतलं नसेल म्हणून साबणाने दोनदा धुऊन पुन्हा घेतलं. तेहतीस.

२७ फेब्रुवारी
यादी समोर घेऊन बसलो आहे. बावीस घरांत आकडे वाढले. रुपरावांच्या दोन्ही पोरांचे थोडे उतरले. ते अंघोळ न करता घरात शिरतात, झाडूही कोरडाच मारतात. ज्यांनी माझं ऐकलं त्यांचेच वाढले आहेत.
आमच्या प्रमुख अश्लेषा मॅडमना फोन केला. त्यांनी पाणी, मसाले, काजळ, भांडी तपासायला सांगितलं. सगळं तपासलं, काही सापडलं नाही. मग वाटलं, पुरुषांचे कपडे आता अंगणात धुतात, तिथून येत असेल. बायकांना म्हटलं, अंगणही सारवा.

१२ मार्च
रोशनीचं पोट सारखं दुखतं. खात नाही. पायात जोर नाही. मला मामा म्हणाली नाही, नुसती बघत राहिली. रक्त घेतलं. आकडा आला नाही. पासष्टच्या पुढे यंत्र मोजत नाही, फक्त ‘हाय’ दाखवतं.
अंकुशने विचारलं, म्हणजे किती? मी म्हटलं, मॅडमची गाडी परवा येते, दवाखान्यात नेऊ.

१४ मार्च
पहाटे झटके आले. सरकारी दवाखान्यात नेलं. औषध सुरू. ओळखत नाही.

१६ मार्च
कपडे घ्यायला खोलीवर आलो. ती बसायची तो कोपरा आज पहिल्यांदा वाकून पाहिला. हातभर जागा खरवडलेली. निघालेले पोपडे कुठेच पडलेले नाहीत. नखांच्या रेघा. भिंतीच्या कडेला, खाली, दातांच्या खुणा.
बोट लावून जिभेवर ठेवलं. गोड लागलं. शिसं गोड लागतं.
माझ्याच खोलीत. मी तिथेच बसून लिहीत होतो —
मॅडमना फोन केला. नमुना उद्या पाठवा म्हणाल्या.

१७ मार्च
रोशनी सकाळी गेली. अकराला मूठमाती दिली. लहान म्हणून जाळत नाहीत. मयुराच्या वेळी मला हे माहीत नव्हतं, भटजींनी सांगितलं होतं.

१७ मार्च, दुपार
परत आलो तेव्हा सिंधूताई अंगणात सारवण कालवत होत्या. घरातलं माणूस गेलं की ते झोपायचं ती जागा सारवून दिवा लावतात. टोपल्यात शेण, पाणी. मग डब्यातून काहीतरी करडं ओतलं. मी विचारलं, हे काय?
“भट्टीची राख जी, भाऊ. हिच्याबिगर चमक येत नाही. सारेच टाकते. तुमच्या खोलीतही हेच हाय.”
मी कधी विचारलंच नाही. फरशीवर वाढलेला माणूस. सारवा म्हटलं, कशाने सारवता ते —
सिंधूताईंनी माझं ऐकलं. म्हणून दर आठवड्याला दोनदा. नातीसाठी.

संध्याकाळ
सांगितलं नाही. सांगितलं तर त्या स्वतःच्या हातांकडे बघतील. नाही सांगितलं तर बावीस घरं. उद्या मंगळवार, सारवायचा दिवस. वार मीच ठरवून दिला होता.
समोरच्या ओट्यावर तीन पोरं बसली आहेत. धाकटा कडेचा पोपडा काढतो आहे —
आता जातो. आधी ओट्यावर, मग ताईंकडे.
पोरांना ओट्यावरून उठवून हात धुवायला लावले, तेवढ्यात सिंधूताईच दारात आल्या. कोपरापर्यंत हात भरलेले. विचारतात, पोरीनं तुमचा कोपरा उकरला, भाऊ, तोही सारवून देऊ काय? मी म्हणतो ताई, बसा, आधी हात धुवा. त्या विचारतात काहून. मी त्यांना सांगतो की रोशनीला सारवणातल्या राखेनं मारलं, आणि सारवा असं मीच म्हटलं होतं.