पाचव्या वाटेचा मजकूर

सोमवार, २ सप्टेंबर

मनुष्यजातीच्या अधःपाताचं मूळ कशात आहे यावर शास्त्रकारांनी पुष्कळ काथ्याकूट केला; बुटाच्या नाडीकडे मात्र कोणाचंच लक्ष गेलं नाही. उद्यानाच्या कचेरीनं मला चालायला दिलेल्या बुटांच्या नाड्या चार बोटं आखूड आहेत. गाठ बसते, फास होत नाही. अल्पाक्षरत्व हे सूत्राचं भूषण असेल, नाडीचं नव्हे.

एवढं सोडलं तर तक्रार नाही. वीस वर्षं वर्तमानपत्रात आठवड्याचं पत्र लिहून पोट भरलं. आता उद्यानवाल्यांनी बोलावून घेतलंय. तळ्यांभोवतीच्या जंगलात फिरायच्या सहा वाटा आहेत. त्या चालायच्या, प्रत्येकीचं वर्णन लिहायचं, आणि ते पत्रक येणाऱ्यांच्या हाती द्यायचं. राहायला होडीघराच्या माडीवर खोली. खिडकीतून तळं दिसतं, तळ्यापलीकडे जंगल, आणि जंगलापलीकडे, वनरक्षकबाई म्हणाल्या, आणखी तळं. बायकोला फोन करून सांगितलं की इथे मला कोणी ओळखत नाही. ती म्हणाली, मग चार दिवस तरी नीट वागा.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

चार वाटा झाल्या. पहिली सपाट, बाबागाडीसुद्धा जाईल अशी. दुसरी दलदलीवर टाकलेल्या फळ्यांवरून. पाय ठेवला की कुरकुरतात, पण माझ्या मेव्हण्याप्रमाणे भार मात्र उचलतात. तिसरी चढाची. चौथीत एक करकोचा भेटला, त्यानं माझ्याकडे पाहून मान फिरवली.

शेजारच्या खोलीत एक निवृत्त मुद्रितशोधक राहतात. सत्तरी ओलांडलेली, पत्नी गेल्यापासून वर्षातले दोन महिने इथेच. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ते मला पंडित म्हणतात, त्यात आदर किती आणि खोडी किती हे तोलायला काटा नाही. माझा मजकूर ते रोज दुपारी तपासतात, छापखान्यातल्या सवयीनं मोठ्यानं, विरामचिन्हांसकट: तळ्याच्या काठानं स्वल्पविराम उजवा हात धरून चालावं पूर्णविराम. काल म्हणाले, हे वर्णन वाचून झाडांना स्वतःची ओळख पटायची नाही. पण मग कागद हातात धरून तीच वाट चालून आले आणि ओळीओळीला बरोबरची खूण करून दिली. छापायचा मजकूर मूळ प्रतीशी ताडून पाहायचा, हा त्यांचा धर्म. इथे मूळ प्रत म्हणजे जंगल.

सोमवार, ९ सप्टेंबर

डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड. पाचवी वाट बारा किलोमीटरची, आणि कचेरीला पहिल्या पाच वाटांचा मजकूर आजच हवा.

शेवटी नकाशा पुढ्यात घेतला आणि पाय बादलीत सोडून पाचवी वाट लिहून काढली. तिसऱ्या लाकडी पुलापर्यंत नकाशानं साथ दिली. पुढे तो अगदीच मुका, म्हणून मीच त्याला बोलता केला: पुलानंतर डावीकडे वळा, पांढऱ्या दगडांची ओळ धरून उतरा, पाण्याशी एक दगडी बाक आहे, तिथे बसा. बाकावरून दिसणाऱ्या पाण्यावर तीन ओळी. मजकूर असा काही वठला की परतीची वाट लिहायची राहूनच गेली. लक्षात आलं तोवर शिपाई कागद घेऊन गेला होता.

न पाहिलेल्या समुद्रांवर लोकांनी महाकाव्यं रचली. मी एक बाक रचला तर कोणाच्या बापाचं काय गेलं?

गुरुवार, १२ सप्टेंबर

पत्रकं छापून आली. पाचव्या वाटेचं पान वाचून झाल्यावर अण्णांनी चष्मा काढला. म्हणाले, आजवर लिहिलंत त्यात हे सगळ्यात चांगलं.

सांगायची वेळ तीच होती.

उद्या सकाळी ताडून पाहायला निघतो, म्हणाले. मी म्हटलं, ऊन फार आहे. म्हणाले, झाडं आहेत. मी म्हटलं, वाट लांब आहे. म्हणाले, बाक आहे ना.

आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका काढलेल्या माणसानं पहिल्यांदा केलेली स्तुती, ती परत करायला छाती हवी. वाटलं, पुलाशी जातील, डावीकडे काही नाही हे पाहून माघारी फिरतील, चार दिवस माझी टर उडवतील. टर सोसेन.

शनिवार, १४ सप्टेंबर

अण्णा काल परत आले नाहीत.

वनरक्षकबाई माणसं घेऊन शोधताहेत. दुपारी मला कचेरीत बोलावलं. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. पण बाईंच्या हातात माझं पत्रक, आणि त्या इतरांना सांगत होत्या की ह्यांना विचारा, ह्यांनी पाऊल न् पाऊल चालून लिहिलंय. सगळे माझ्याकडे वळले. मी टाचेचा फोड सांगितला. का, कोण जाणे.

मग बाई म्हणाल्या की काल संध्याकाळी पुलापर्यंत जाऊन आलो, उजेड कमी झाला म्हणून फिरलो. आणि जरा वरमून म्हणाल्या, "वीस वर्षं इथे आहे. पुलाशी डावीकडे वाट आहे हे मला कधी दिसलं नव्हतं. पांढरे दगड अगदी खालपर्यंत गेलेत. तुम्हाला बरे दिसले."

मी म्हटलं, नजरेची सवय असते.

हे वाक्य मी उच्चारलं. इथे लिहून ठेवतो.

रविवार, १५ सप्टेंबर

अण्णांची मुलगी आली. चाळिशीची, तशीच ताठ चालते. चहा घेतला नाही. पत्रक पुढे ठेवून म्हणाली, "काका, ही वाट तुम्ही चाललात. अण्णा कुठे बसले असतील, तेवढं सांगा."

मी बाकावर बोट ठेवलं. वर आणखी सांगितलं की पाठ टेकायला दगड आहे, सावली आहे, म्हातारा माणूस तिथे निवांत राहील. तिचा चेहरा सैल झाला. त्या सैल झालेल्या चेहऱ्यासाठी मी आणखी दोन झाडं घातली.

जिना उतरताना तिनं माझा हात धरून आभार मानले.

सोमवार, १६ सप्टेंबर

ती पहाटेच निघाली. एकटी. कोणाची वाट न पाहता. पत्रक घेऊन.

दिवस गेला. आलेली नाही.

परतीची वाट लिहिलेलीच नाही. दिवसभर एवढंच डोक्यात. परतीची—

बाई म्हणाल्या, उद्या नऊला सगळे जाऊ, तुम्ही पुढे चाला, वाट तुमच्या पायाखालची आहे. मी होय म्हटलं. त्यांच्यादेखत त्या वाटेवर मला पाय टाकता येणार नाही. पहिल्याच वळणावर कळेल.

नऊच्या आधी जातो. एकटा.

मंगळवार, १७ सप्टेंबर, सकाळ

तिसरा पूल. डावीकडे वाट आहे.

दगड आहेत. पांढरे.

बाक आहे. पाठ टेकायला दगड. दोन झाडं— ती तर मी परवा तोंडी—

बाकावर अण्णांचं पत्रक. प्रत्येक ओळीला बरोबरची खूण. शेवटच्या ओळीखाली, समासात, पेन्सिलीनं एकच शब्द: पुढे?

मागे वळलो. दगड नाहीत. पूल दिसत नाही. नुसती झाडं, आणि पाणी.

पत्रकावर खाली लिहिलं: बाकावरून उठून आल्या वाटेनं पुलाशी यावं.

कोणीतरी वाचलं. मोठ्यानं. झाडीतून. पुलाशी यावं पूर्णविराम. आवाज अण्णांचा. मग नेहमीच्याच सुरात: "पंडित, हे मूळ प्रतीत नाही."

खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.

आता तिचाही आवाज. दोघं सोबत आहेत. जिवंत आहेत. रडत नाहीत. ती फक्त विचारते आहे, काका आहात का तिथे, कुठून यायचं ते सांगा.

तीनदा विचारलं. मी ओ दिलेली नाही.

इथे तरी खरं लिहितो. ते मेले असतील ही भीती नव्हती. एकदाही नव्हती. ते जिवंत परत जातील, आणि बाईंना, बायकोला, सगळ्यांना कळेल की मी इथे कधी आलोच नव्हतो— ही आहे. पहिल्या दिवसापासून ही एकच—

पावलं जवळ आली. झाडाच्या अलीकडे आहेत. मी इथे आहे एवढं म्हटलं की पुरे, तीन शब्द. तोंड उघडलंय. पण मी