मोहिनीचा मोरपंखी स्वेटर

४ डिसेंबर १९९८
आजपासून कविता. तृप्तीला वाढदिवसाची भेट. पोरगी चार वर्षांची असताना मोहिनी गेली. आता बारावं पूर्ण होईल, पण आई कशी होती ते तिला आठवत नाही. घरात माझ्यासारखा कवी बाप असताना! आठवड्यात संपवतो.

७ डिसेंबर
झाली! चांदणं, कमळ, वात्सल्यसिंधू, सगळं आलं. तृप्तीला ऐकवली. म्हणाली, पप्पा, छान आहे, पण ही कोणाचीही आई असू शकते. त्यांच्या बाई म्हणतात, कवितेत वास, आवाज, स्पर्श आला की माणूस समोर उभं राहतं. आईचा वास कसा होता, असं विचारत होती. लिहू. त्यात काय!

९ डिसेंबर
'सुगंधी' लिहिलं. खोडलं. 'दिव्य सुगंधी' लिहिलं. मराठीत वासाला शब्दच कमी, त्याला मी काय करणार?

१० डिसेंबर, संध्याकाळ
स्वयंपाकघरात खोबरेलाचा वास. आमच्याकडे खोबरेल येतच नाही. तृप्तीचा बॉयकट, मला टक्कल. शेजारच्या विमलाबाई असणार. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बल्ब चालू ठेवला, तो झुरळांसाठी.

१३ डिसेंबर
माळ्यावरच्या ट्रंकेतून मोहिनीचा मोरपंखी स्वेटर काढला. प्लॅस्टिकच्या पिशवीत तसाच बंद होता. तोंड खुपसलं. खोबरेल, बाजरीचं पीठ आणि ती. तिथेच खाली बसलो, गुडघा दुखत होता म्हणून. कविता आता झालीच समजा! वाढदिवसाला आधी पिशवी उघडायची, मग वाचन. काय इफेक्ट येईल! तोवर कसर लागू नये म्हणून आत मूठभर डांबरगोळ्या टाकल्या. अंबडच्या कंपनीत स्टोअर्स सांभाळतो मी. माल कसा जपायचा, ते मला कोणी शिकवू नये.

१८ डिसेंबर
विमलाबाई महिनाभर नांदगावला लेकीकडे होत्या म्हणे. मग वारा असेल. आता वास येत नाही. बरंच झालं. बल्ब चालूच ठेवलाय.

२७ डिसेंबर
वाढदिवस. पिशवी उघडली. नुसत्या डांबरगोळ्या. गळा, बाह्या, आतली शिवण, सगळीकडे तेच. कविता खिशातून काढलीच नाही.
तृप्तीनं स्वेटर नाकाशी धरला. डोळे मिटून बराच वेळ बसली. मग विचारलं, आईचा असाच वास यायचा का.
मी हो म्हणालो.
तिनं तो अंगात घातला. स्वयंपाकघरातला बल्ब आज बंद केला. आता कोण येणार आहे.